नजर चुकवून

आखन, १२ नोव्हेंबर २०२४

अरुताई,

मायना काय लिहावा यातच अर्धी सकाळ गेली. 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तुम्ही मोठ्याने हसला असतात, आणि 'प्रिय' म्हणायची सोय मी माझ्या हातानेच बंद केली आहे. म्हणून नुसतंच अरुताई. मी लतिका, प्रतापची बायको. अक्षर ओळखू येणार नाही म्हणून सांगते. सोळा वर्षांत मी माझ्या नणंदेला एक ओळ लिहिलेली नाही.

फोन केला असता तर तुम्ही "बोल" म्हणाला असतात, मी इथल्या जर्मनीतल्या थंडीचं काहीतरी बोलले असते आणि दोन मिनिटांत ठेवून दिला असता. कागदावर इतकं झटपट पळता येत नाही.

बातमी एकच. मला नवं काम मिळालंय. इथून रेल्वेने तासाभरावर एक प्राणिसंग्रहालय आहे, तिथे कोआला आहेत. दर मंगळवारी मी जाते आणि त्यांच्या लेंड्या गोळा करून आणते. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर आमच्या संस्थेचा प्रकल्प आहे. पीएचडी केली, चार ठिकाणी तात्पुरत्या नोकऱ्या केल्या, आणि एवढं सगळं करून तुमची भावजय शेवटी शेण उचलते आहे. तुम्ही मिरजेच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं लोकांचे नमुने तपासलेत, त्यामुळे तुमच्यापुढे मला लाज नाही. प्रताप मात्र पाहुण्यांना "मायक्रोबायोलॉजी" एवढंच सांगतो.

कोआलाला लोक अस्वल म्हणतात, पण ते अस्वल नव्हे. कांगारूसारखं पिशवीवालं जनावर. निलगिरीच्या पाल्याशिवाय काही खात नाही, आणि तो पाला इतका निकस की दिवसाचे अठरा-वीस तास झोपूनच काढावे लागतात. उरलेल्या वेळात खातं, अंग खाजवतं आणि आपल्याकडे अशा नजरेने बघतं की आपणच त्याच्या घरी न विचारता आलोय.

तिथल्या टिली नावाच्या मादीला गेल्या महिन्यात पिल्लू झालं. झालं म्हणजे, कुणी पाहिलं नाही. पस्तीस दिवसांत जन्मतं, राजम्याच्या दाण्याएवढं, वजन अर्धा ग्रॅम. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, फक्त पुढच्या पंज्यांत जोर. त्या जोरावर ते आईच्या पोटावरच्या केसांतून एकटंच चढतं, पिशवीत शिरतं आणि स्तनाला चिकटतं. आई त्याला उचलत नाही, वाटही दाखवत नाही. बापाचं तर नावच नको. माजाच्या दिवसांत तो बिघडलेल्या मोटरसायकलसारखा आवाज काढून सगळं आवार डोक्यावर घेतो, काम झालं की त्याचा पिल्लाशी संबंध संपतो. तुमच्या भावाशी मी तुलना करत नाही. त्याने निदान लंगोट बदलले, सात महिने तरी.

सात महिन्यांवर आले आणि पेन थांबलं. आज इतकंच.

लतिका


आखन, १८ फेब्रुवारी २०२५

अरुताई,

उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. प्रताप दर पंधरा दिवसांनी तुमच्याशी बोलतो, त्याला विचारलं, "ताईंनी माझ्या पत्राचं काही काढलं का?" तो म्हणाला, "नाही. तू कसलं पत्र लिहिलंस?" म्हणजे तुम्ही त्यालाही बोलला नाहीत. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना.

गेल्या आठवड्यात आमची ईप्सिता वीस वर्षांची झाली. बर्लिनला असते, चार मुलींबरोबर एक घर वाटून घेतलंय, तिथे शिकते. आर्किटेक्चर. फोनवर मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं बरं चाललंय. नाही, बरं चाललेलं नाही. ती माझ्याशी नम्रपणे वागते. घरमालकिणीशी वागतात तशी.

टिलीचं पिल्लू पिशवीत आहे. चार महिने झाले. बाहेरून काही दिसत नाही, कधीतरी पोटाशी हालचाल होते तेवढीच. राखणदार बाई आहेत, फ्राउ हेनिंग. त्या म्हणतात, सहा-सात महिने होईपर्यंत पिल्लू आहे असं धरूनही चालायचं नाही. पाहुण्यांना सांगायचं नाही, नाव ठेवायचं नाही. सातव्या महिन्यात तोंड बाहेर काढेल, तेव्हा त्याला जग पहिल्यांदा दिसेल.

ईप्सिताला आम्ही सातव्या महिन्यातच तुमच्याकडे आणून सोडलं.

तेव्हा ते फार सरळ वाटलं होतं हो. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, प्रबंध अर्धा होता. प्रतापला आठवड्यातले चार दिवस नोकरीसाठी दूर एर्लांगेनला जावं लागे. त्या काळी इथे तीन वर्षांखालच्या मुलांना पाळणाघरात जागा मिळणं म्हणजे लॉटरीच होती. सासूबाई गेलेल्या, माझ्या आईचे गुडघे गेलेले. आमच्या ओळखीतल्या दोन जोडप्यांनी मुलं भारतात पाठवली होती, एकाचं सोलापूरला, एकाचं नाशिकला. कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तुम्ही एकट्या होतात, तुमची नोकरी होती, तुम्हाला जमेल का, हे मी विचारलं नाही. प्रतापने विचारलं. तुम्ही म्हणालात, "सहा महिने ना? आण की."

सहा महिन्यांची सव्वातीन वर्षं झाली. तुम्ही आधी रात्रपाळी सोडलीत, मग हॉस्पिटलच सोडून अर्ध्या दिवसाची खाजगी लॅब धरलीत. हे मला कळत होतं. मी "ताईंनी स्वतःहूनच केलं" असं म्हणायचे.

ती परत आल्यावर इथल्या बालवाडीत घातली. इथे मूल पहिल्या दिवशी सोडून जाता येत नाही. आईने रोज बरोबर येऊन कोपऱ्यात खुर्चीवर बसायचं. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं बाहेर, पुढच्या आठवड्यात अर्धा तास. जाताना मुलासमोर उभं राहून सांगायचं, मी जाते, अमक्या वाजता येते. रडलं तरी सांगून जायचं. याला आइनगेव्होनुंग म्हणतात, रुळवणं. पाच आठवडे मी त्या खुर्चीवर बसले. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, न सांगता गेलात तर मूल पुढे तुमच्यावर नाही, दारावर लक्ष ठेवतं.

ईप्सिता तेव्हा दारावरच लक्ष ठेवून होती. पुढचं पुढच्या वेळी लिहीन.

लतिका


आखन, २० मे २०२५

अरुताई,

पिल्लाने तोंड काढलं. मंगळवारी मी हातमोजे घालत होते आणि फ्राउ हेनिंगनी माझा दंड धरला. कोआलाची पिशवी खालच्या बाजूला उघडते, त्यामुळे आधी वाटलं टिलीच्या मांड्यांमधून कुणीतरी चेष्टा करतंय. काळं नाक, दोन बटणं डोळ्यांची. दहा मिनिटं बघितलं आणि आत गेलं. मादी आहे.

आता माझं खरं काम सुरू झालं. निलगिरीचा पाला विषारी असतो. तो पचवायचे जिवाणू पिल्लाच्या पोटात जन्मतः नसतात. म्हणून या वयात आई काही दिवस एक वेगळीच पातळ विष्ठा सोडते, हिरवट, मऊ, आणि पिल्लू पिशवीतून तोंड काढून ती खातं. एरवीच्या लेंड्या कोरड्या, खडखडीत, हिचं सगळंच वेगळं. किळस वाटली ना? मलाही वाटली होती. पण ते खाल्लं नाही तर पुढे पाल्याच्या ढिगात बसूनही पिल्लू उपाशी मरेल. हे काम फार थोडे दिवस चालतं आणि एकदाच होतं. एकदा पोटात रुजलं की जन्मभराचं.

नमुना भरताना माझ्या मनात आलं, ईप्सिताच्या बाबतीत हे दिवस तुमच्याकडे गेले.

ती इथे आली तेव्हा तिला मेतकूट-भात लागायचा, तोही तुमच्या हातचा कालवलेला. बोलायची तर अस्सल मिरजेचं. "काय करालीस?" असं मला विचारायची, "मी न्हाई जा" म्हणायची. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला बायका कौतुकाने हसल्या. मला ते कौतुक वाटलं नाही. मी पुण्याची, मला लाज वाटली. मी प्रत्येक वाक्य दुरुस्त करायला लागले. 'करालीस' नाही, 'करतेस'. 'न्हाई' नाही, 'नाही'. दोन महिन्यांत तिने माझ्याशी मराठी बोलणंच बंद केलं आणि बालवाडीत शिकलेलं जर्मन सुरू केलं. ते मला दुरुस्त करता येत नव्हतं. तिचं जर्मन पहिल्या वर्षातच माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.

तुमच्याकडे राहून ती बिघडली असं मी प्रतापला म्हणायचे. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. तिला ताप आला की ती "आत्ती" म्हणायची. मी उशाशी बसलेली असायचे, ती माझ्या खांद्यावरून मागे बघत "आत्ती" म्हणायची.

दर रविवारी तुमचा फोन यायचा आणि त्यानंतर तीन तास ती रडायची. बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, थोडे दिवस फोन लहान ठेवा, ती रुळेल. मी तुम्हाला काय सांगितलं ते तुमच्या लक्षात असेलच. "डॉक्टर म्हणतात फोन नको." 'थोडे दिवस' मी गाळलं, 'लहान' पण गाळलं. घर बदललं तेव्हा नवा नंबर तुम्हाला दिला नाही. प्रतापला ऑफिसमधून बोलायला सांगितलं. तो भांडला नाही. त्याने भांडायला हवं होतं, पण तो माझ्या रागापेक्षा तुमच्या दुःखाला कमी घाबरत असे. ते चार हजार मैलांवर होतं.

तिच्या पाचव्या वाढदिवसाला तुम्ही निळा फ्रॉक शिवून पाठवलात, कमरेला चुण्या घालून स्मॉकिंगचं भरतकाम केलेला. मी तिला सांगितलं पुण्याच्या दुकानातून मागवला. चार ठिकाणी उसवेपर्यंत तिने तो घातला. मी तो तुमचा आहे हे कधीच सांगितलं नाही.

लतिका


आखन, १५ जुलै २०२५

अरुताई,

आज जे बघितलं ते लिहिते आणि मग जे लिहायचं टाळत आले तेही लिहिते.

पिल्लू आता नऊ महिन्यांचं आहे. पिशवीत मावत नाही, आईच्या पाठीवर असतं. टिलीच्या आवारात मायरा नावाची दुसरी मादी असते, वयस्कर, तिला यंदा पिल्लू नाही. आज मी गेले तेव्हा पिल्लू मायराच्या पाठीवर होतं. टिली दोन फांद्या पलीकडे गाढ झोपलेली. मी घाबरून फ्राउ हेनिंगना हाक मारली. त्या म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. जी पाठ जवळ असेल तिच्यावर चढतात." मायरा पिल्लाला पाठीवर घेऊन पाला खात होती. तिने त्याला झटकलं नाही. वळून पाहिलंही नाही, पण वर सरकताना ती नेहमीपेक्षा सावकाश सरकत होती. तासाभराने पिल्लाने बारीक किंकाळी मारली. टिली जागी झाली, फांदीवरून हातभर पुढे आली, घोगरा आवाज काढला. पिल्लू तिच्याकडे गेलं. मायराने ते जाताना पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

कोआलाला मन असतं का यावर मी बोलू नये. माझं शास्त्र लेंडीपुरतं. पण मी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन तिथे उभी राहिले आणि मला रडू आलं. फ्राउ हेनिंगना वाटलं मी पिल्लासाठी रडते आहे. त्या मला समजवायला लागल्या, "आल्झो, हे बघा, आई तिला विसरलेली नाही. आणखी तीन-चार महिन्यांनी मात्र ती स्वतःच तिला पाठीवरून हाकलेल." मी विचारलं, कशी? त्या म्हणाल्या, "उघड. गुरगुरते, ढकलते, वेळ आली तर चावते. पिल्लू किंचाळतं, परत येतं, ती परत ढकलते. बघवत नाही. पण पिल्लाला कळतं काय चाललंय ते."

आता मुंबईच्या विमानतळाचं.

तुम्ही मिरजेहून आमच्याबरोबर आला होतात. ईप्सिता तुमच्या कडेवर होती, चार वर्षांची घोडी, तरी कडेवर. दाराच्या आत तिकिटाशिवाय सोडत नाहीत. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, तुम्ही पाणी आणते म्हणून जा आणि परत येऊ नका. रडारड झाली तर तिला आत नेता येणार नाही." तुम्ही म्हणालात, "सांगून जाऊ दे गं. ती ऐकते माझं." मी म्हटलं, "सगळे असंच करतात. नजर चुकवून गेलं की मुलं विसरतात." आपल्याकडे खरंच सगळे असंच करतात. माझी आई नोकरीला जाताना असंच जायची, मागच्या दाराने, चपला हातात घेऊन. मला त्यात काही क्रूर वाटलंच नाही. तुम्ही तिला माझ्या हातात दिलंत, म्हणालात, "पाणी घेऊन येते हां, सोने," आणि गेलात.

तुम्हाला आतलं माहीत नाही, म्हणून लिहिते. ती रडली नाही. रांगेत आम्ही पुढे सरकत होतो आणि ती मागे काचेकडे बघत होती. सामान दिलं, शिक्के झाले. ती एकदा म्हणाली, "आत्तीला आपण कुटं हाय ते कसं कळंल?" विमानात हवाईसुंदरीने पाण्याचा पेला दिला तो तिने घेतला नाही. म्हणाली, "आत्ती आणालीय." उतरेपर्यंत तिने पाणी प्यायलं नाही, अरुताई. ओठ फुटले होते.

अजूनही हॉटेलात कुणी पाणी आणायला उठलं की तीही उठते. का उठते हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

यापेक्षा वाईट एक आहे. सहा वर्षांची असताना तिने मला विचारलं, आत्ती परत का नाही आली? मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "तिला यायचं नव्हतं. ती म्हणाली, आता तू तुझ्या आईकडेच राहा." मला वाटलं यावर ती रडेल आणि मी जवळ घेईन आणि सगळं मिटेल. ती नुसती "आखझो" म्हणाली, इथली माणसं 'असं होय' म्हणतात तसं, आणि खेळायला गेली. त्यानंतर तिने तुमचं नाव काढलेलं नाही. प्रताप दर दोन वर्षांनी मिरजेला येतो, ती कधीच येत नाही. तुम्हाला आम्ही परीक्षा, इंटर्नशिप सांगत आलो. ती येत नाही कारण तिला वाटतं तुम्ही तिला सोडलंत.

मी तिला खरं सांगणार आहे. पुढच्या महिन्यात बर्लिनला जाते. मुलगी जाईल हातची, हे दिसतंय. पण तुमच्याबद्दल तिला जे वाटतं ते मी मेल्यावर कुणीच दुरुस्त करू शकणार नाही. प्रतापकडून ते व्हायचं नाही.

आणखी एक. प्रताप मागे बोलून गेला की इचलकरंजीच्या एका गृहस्थांचं स्थळ तुम्हाला आलं होतं आणि ईप्सिता होती म्हणून तुम्ही नाही म्हणालात. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय वेगळं केलं असतं, याचं उत्तर द्यायची हिंमत नाही.

लतिका


आखन, १९ ऑगस्ट २०२५

अरुताई,

सांगितलं.

शनिवारी गेले. ती स्टेशनवर सायकल घेऊन आली होती. आम्ही कालव्याच्या काठी बसलो. आधी पिल्लाचे फोटो दाखवले, ती खूप हसली, मायराच्या पाठीवरचा फोटो तिने स्वतःला पाठवून घेतला. तिने विचारलं, "ही आई ना?" मी म्हटलं, "नाही, ही दुसरी." आणि तिथून सुरू केलं. थांबले असते तर परत सुरू झालं नसतं, म्हणून सगळं एका दमात सांगितलं. पाणी, फोन, नंबर, कणीक मळताना बोलले ते.

तिने जर्मनमध्ये विचारलं, "तिने किती दिवस फोन केले?"

"मी नको म्हणेपर्यंत. त्यानंतर बाबांच्या ऑफिसात. दर वेळी तुझं विचारतात."

"अजून?"

"अजून."

"आणि निळा फ्रॉक?"

मी फ्रॉकचं बोललेच नव्हते. तिला कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "त्यांनीच शिवला होता."

ती उठली, सायकलचं कुलूप काढलं, परत लावलं. म्हणाली, "मला चौदा वर्षं वाटतंय की मी काहीतरी केलं असणार. एवढं लहान मूल काय करू शकतं याचा मी विचार करायचे. मला वाटायचं मी फार खायचे, किंवा फार रडायचे, म्हणून तिने परत दिलं." हे ती सपाट आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. मराठीत मागितली, मग जर्मनमध्ये मागितली. ती म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे 'बरोबर'. मग म्हणाली, सप्टेंबरमध्ये सुट्टी आहे, मिरजेला जाणार, एकटी. पत्ता बाबांकडून घेईन. मी म्हटलं, विमानतळावर सोडायला येते. "नको. घ्यायला पण येऊ नकोस. परत आल्यावर मी तुझ्याशी बोलेन की नाही, मला आत्ता सांगता येत नाही."

तिकीट काढलंय. चौदा तारखेला पोचते. तिला मराठी कळतं सगळं, बोलायला अडखळते. तुम्ही दार उघडलं नाहीत तरी मला समजेल, पण कृपा करून उघडा. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका. हे लिहायची गरज नव्हती, तुम्ही तसं करणार नाही. मी माझ्यावरून तुम्हाला जोखलं.

लतिका


मिरज, २८ सप्टेंबर २०२५

लतिका,

पोस्टाने गेलं तर हे ईप्सिताच्या मागून पोचेल, म्हणून शेजारच्या ज्ञानदाकडून फोटो काढून प्रतापच्या फोनवर पाठवते आहे. त्याला म्हणावं तू वाचायचं नाही. वाचेलच.

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिलं दोनदा वाचलं, मुद्दा सापडेना. लेंड्यांचं मला काय सांगतेस, मी पंचवीस वर्षं तेच केलं. उत्तर लिहिलं नाही कारण राग होता. आहे. तू कबूल केलंस म्हणून तो कमी व्हायला पाहिजे असं तुला वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही.

ईप्सिता आली. रिक्षातून उतरली तेव्हा मी गेटातच उभी होते. उंच झालीय, प्रतापसारखं चालते. मला काय म्हणावं तिला कळेना, मलाही कळेना. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींना पाहुण्यासारखं "बस, घे" करत होतो. तिसऱ्या दिवशी मी लॅबला निघाले, तर ही चप्पल घालून दारात. म्हणाली, "मी येते." तेव्हापासून रोज येते, बाकावर बसते, चित्रं काढते. माझ्या लॅबमधल्या कपिलला वाटतं नवीन डॉक्टरीण आहे.

तिला लहानपणचं काहीच आठवत नाही, लतिका. हे घर नाही, मी नाही. मला वाटलं होतं काहीतरी निघेल आतून. मी मेतकूट-भात कालवून दिला, तिने छान म्हणून खाल्ला, जर्मन लोक म्हणतात तसं छान. तू पोटात रुजलेलं जन्मभर राहतं असं लिहिलंस. माणसाचं तसं नसावं. ती मला नव्याने ओळखते आहे आणि मी पण तिला. ती तीन वर्षं गेली ती गेली.

इचलकरंजीच्या माणसाचं पाप तुझ्या अंगावर घेऊ नकोस. त्याला दर तासाला चहा लागायचा आणि तो कप उचलायचा नाही. ईप्सिता नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं.

विमानतळाचं मात्र तुला माहीत नाही ते सांगते, हिलाही परवा सांगितलं. तू जा म्हणालीस म्हणून मी गेले, हे अर्धंच खरं. मी हट्ट धरला असता तर तू काय केलं असतंस? काही नाही. मला तिचं रडणं बघायचं नव्हतं. पाणी आणते म्हणून सुटायला मिळालं, सुटले. खांबामागे उभी राहून तुम्हाला आत जाताना बघत होते. ती मागे वळून बघत होती आणि मी पुढे झाले नाही. नंतर तू फोन नको म्हणालीस तेव्हाही मी ऐकलं. मुंबईहून जर्मनीला विमानं जात नाहीत असं नाही. मी यायला पाहिजे होतं, दारात बसायला पाहिजे होतं. हाकललं असतंस तर तिने बघितलं असतं की आत्ती आली होती.

काल तिने विचारलं, "तू आईला माफ केलंस?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलायचं नाही असं आमचं ठरलंय. ती म्हणाली, "मी पण नाही." मग आम्ही भाजी निवडत बसलो.

दसरा झाला की शनिवारी ती निघते. मी मुंबईपर्यंत जाणार आहे आणि ती आत जाईपर्यंत तिथेच थांबणार आहे. रविवारी सकाळी साडेअकराला ती बर्लिनला उतरेल. तुला येऊ नको म्हणालीय, मला माहीत आहे. तिने मला ते दोनदा सांगितलं, मी विचारलं नसताना.

तरी जा. बोलू नकोस, फुलंबिलं आणू नकोस. ती बघून न बघितल्यासारखं करेल, करू दे. लांब उभी राहिलीस तरी चालेल, पण तिला दिसेल अशी उभी राहा.

अरुताई